पेन्शनचा कारभारी निवडताना

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'सिप' हा शब्द आपल्याकडे आता घरोघरी पोचला आहे. म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरायची, त्याला आपण 'सिप' म्हणतो. आज मी ज्या 'सिप'बद्दल बोलणार आहे, ती मात्र वेगळी. ती इंग्लंडातली. तिच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एक 'पी' जास्त आहे. 'सेल्फ इन्व्हेस्टेड पर्सनल पेन्शन' हे तिचं पूर्ण नाव. म्हणजे अशी वैयक्तिक पेन्शन, की जिच्यातला पैसा कुठे गुंतवायचा हे खातेदारानं स्वतः ठरवायचं.

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडातल्या पेन्शनशी आमचा काय संबंध? संबंध आहे. आज पुण्या-मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात अशी कितीतरी घरं आहेत, ज्यांचा मुलगा, मुलगी, सून किंवा जावई पाच-दहा वर्षं इंग्लंडमध्ये नोकरी करून आला आहे किंवा अजून तिथं आहे. तिथल्या बहुतेक नोकऱ्यांत पगारातून पेन्शनसाठी पैसे कापले जातात, मालकही त्यात भर घालतो. ऑक्टोबर २०१२ पासून टप्प्याटप्प्यानं हे मालकांना बंधनकारकच झालं. नोकरी बदलली की नवं खातं उघडतं आणि जुनं तिथंच राहतं. माणूस भारतात परततो, आणि ही खाती मागे राहून जातात. त्यांच्यावर शुल्क मात्र दरवर्षी कापलं जात असतं.

मी स्वतः लेस्टर शहरात बावीस वर्षं राहिले. एका कारखान्याच्या हिशेब खात्यात पगारपत्रकं करायचं माझं काम होतं. त्यामुळे पेन्शनचे कागद रोज हातात यायचे. तरीही स्वतःच्या घरातल्या पेन्शनच्या बाबतीत आम्ही दोन चुका केल्या, त्या पुढे सांगेनच.

गेल्या वर्षी गणपतीत माझ्या नणंदेचा मुलगा आला होता. रेडिंगला सॉफ्टवेअरमध्ये आहे, आता कायमचा पुण्याला यायचं म्हणतो. आठ वर्षांत चार नोकऱ्या, म्हणून चार पेन्शन. आरती झाली, प्रसाद झाला, आणि लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसला. म्हणाला, "मामी, ही चारही खाती मला एका सिपमध्ये आणायची आहेत. सगळ्यात स्वस्त कंपनी कुठली, तेवढं फक्त सांग."

मी त्याला म्हटलं, "सांगते. पण आधी तू मला सांग, खानावळीत जेवणं स्वस्त की ताटावर पैसे देणं?"

तो हसला. म्हणाला, "ते महिन्यातून किती वेळा जेवतो त्यावर आहे."

सिपचं नेमकं तसंच आहे. आजचं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे.

सिप म्हणजे काय, आणि ती हवीच का?

आधी थोडी पार्श्वभूमी. १९८९च्या अर्थसंकल्पात ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी ही सोय जाहीर केली. त्यापूर्वी वैयक्तिक पेन्शन म्हणजे विमा कंपनीकडे पैसे द्यायचे आणि ती ठेवील त्या फंडात ते राहू द्यायचे. सिपमुळे शेअर, सरकारी रोखे, वेगवेगळ्या कंपन्यांचे फंड, इतकंच काय, दुकान किंवा कचेरीची जागासुद्धा पेन्शनच्या खात्यात घेता येऊ लागली. राहतं घर मात्र घेता येत नाही. म्हणजे घेतलं तर कराचा भुर्दंड इतका बसतो, की कोणी घेत नाही. सुरुवातीला ही सोय मोठ्या पुंजीवाल्यांपुरतीच होती. पुढे इंटरनेटवरून व्यवहार करणाऱ्या कंपन्या आल्या, शुल्क उतरलं, आणि सामान्य नोकरदारही सिप उघडू लागला.

त्यात भरलेल्या पैशावर करसवलत असते. खातेदारानं ८० पौंड भरले की कंपनी सरकारकडून २० पौंड मागून घेते आणि खात्यात १०० जमा होतात. वरच्या दरानं कर भरणाऱ्याला उरलेली सवलत विवरणपत्रातून मागता येते. हे पैसे सध्या वयाच्या ५५व्या वर्षापर्यंत काढता येत नाहीत. ६ एप्रिल २०२८ पासून ही मर्यादा ५७ होणार आहे. त्यानंतर साधारणपणे चौथा हिस्सा तिथं करमुक्त मिळतो आणि बाकीच्यावर काढाल तसा कर लागतो. २०१५ पासून उरलेल्या रकमेचं काय करायचं, हेही बहुतेक खातेदाराच्याच हातात आहे.

पण इथं पहिला थांबा घ्यायचा. सिप प्रत्येकाला हवीच असं नाही. ज्याला स्वतः फंड निवडायचे नाहीत, वर्षातून एकदाही खातं उघडून बघायचं नाही, त्याला मालकानं दिलेली साधी पेन्शन पुष्कळदा बरी. आपोआप सभासद करून घेणाऱ्या या योजनांच्या नेहमीच्या फंडावर एप्रिल २०१५ पासून वर्षाला ०.७५ टक्के ही कमाल शुल्कमर्यादा आहे. सिपला अशी कुठलीही मर्यादा नाही. आणि चालू नोकरीत मालक भर घालत असेल, तर ती सोडून सिपमध्ये पैसे भरणं म्हणजे हातातला घास टाकून देण्यासारखं आहे.

दुसरी सूचना त्याहून महत्त्वाची. काही जुन्या पेन्शनमध्ये पगाराच्या आणि नोकरीच्या वर्षांच्या हिशेबानं आयुष्यभर ठरावीक रक्कम देण्याचं वचन असतं. अशी पेन्शन सिपमध्ये हलवणं बहुतेकांच्या दृष्टीनं तोट्याचंच ठरतं. म्हणूनच अशा पेन्शनची किंमत ३० हजार पौंडांहून जास्त असेल, तर परवानाधारक सल्लागाराचा सल्ला घेतल्याशिवाय ती हलवता येत नाही. आपले कितीतरी मराठी डॉक्टर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत आहेत. त्यांची पेन्शन तर २०१५ पासून अशा खात्यात हलवताच येत नाही, आणि ते त्यांच्या भल्याचंच आहे.

भाच्याच्या चारही पेन्शन साध्या, म्हणजे जमलेल्या पुंजीवर अवलंबून असलेल्या होत्या. म्हणून आम्ही पुढे गेलो.

शुल्काचे थर

मी एक वही घेतली आणि त्याला म्हटलं, "जाहिरातीतला मोठा आकडा विसर. आपण एकेक थर उलगडू."

पहिला थर खातं सांभाळण्याचा. हे शुल्क दोन तऱ्हांनी घेतात. काही कंपन्या पुंजीच्या टक्केवारीनं घेतात, काही दरमहा ठरावीक रक्कम घेतात. हीच आपली ताटाची आणि खानावळीची गोष्ट.

दुसरा थर फंडाचा. तुम्ही ज्या फंडात पैसे ठेवता, तो फंड चालवणारी कंपनी आपलं शुल्क वेगळं घेते. ते तुमच्या खात्यातून कापलेलं दिसत नाही, फंडाच्या किमतीतूनच वजा होतं. बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारे फंड स्वस्त असतात. तज्ज्ञानं शेअर निवडलेले फंड त्याच्या कित्येक पट महाग असू शकतात. आणि त्या तज्ज्ञाची निवड निर्देशांकाहून सरस ठरेल, याची हमी कोणी देत नाही.

तिसरा थर खरेदी-विक्रीचा. शेअर किंवा बाजारात खरेदी होणारे फंड घेताना दर व्यवहाराला काही पौंड. परदेशी शेअर घेतला तर चलन बदलण्याचं शुल्क आणखी वेगळं.

चौथा थर पैसे काढतानाचा. पेन्शन सुरू करताना, दरवर्षी रक्कम काढताना किंवा खातं दुसरीकडे हलवताना काही कंपन्या पैसे घेतात, काही घेत नाहीत. वयाची ५५ उलटलेल्यांसाठी लवकर बाहेर पडण्याच्या दंडावर ३१ मार्च २०१७ पासून एक टक्क्याची मर्यादा आहे. मात्र खातं हलवण्याची नेहमीची कारकुनी फी ही वेगळी गोष्ट.

पाचवा थर सहसा कोणी मोजत नाही. खात्यात न गुंतवलेली रोकड पडून असते. कंपनी ती बँकेत ठेवते, बँक व्याज देते. त्यातलं किती तुम्हाला मिळतं? काही कंपन्या त्यातला बराच भाग स्वतःकडे ठेवत होत्या, आणि वर रोकडीवर शुल्कही लावत होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये 'फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटी' या तिथल्या नियामक संस्थेनं कंपन्यांना पत्र लिहून हा दुहेरी प्रकार थांबवायला सांगितलं. म्हणून रोकडीवर किती व्याज मिळेल, हा प्रश्नही विचारायचाच.

आमची पहिली चूक या थरांमध्येच झाली होती. २००७ मध्ये माझ्या यजमानांनी आपली पेन्शन एका सिप कंपनीकडे नेली. कारण काय, तर माहितीपत्रकावर ठळक अक्षरात लिहिलं होतं : 'वार्षिक शुल्क शून्य'. आम्ही खूष. मग दोन-तीन वर्षांनी मी हिशेब मांडला, तेव्हा लक्षात आलं, की आमच्या फंडांचंच शुल्क दीड टक्क्याच्या वर होतं. त्यातलाच काही भाग कमिशन म्हणून सिप कंपनीकडे परत येत होता. म्हणजे दुकानदारानं पिशवी फुकट दिली होती, पण तिचे पैसे साखरेच्या भावात लावले होते. पुढे नियम बदलले. सल्लागारांना मिळणारं कमिशन २०१२च्या अखेरीस बंद झालं आणि एप्रिल २०१४ पासून नव्या व्यवहारांत फंडाकडून येणाऱ्या अशा पैशावर खातं चालवणंही थांबलं. त्यामुळे आज शुल्क पूर्वीपेक्षा उघड दिसतं. तरी ते एका जागी दिसत नाही, आपल्यालाच गोळा करावं लागतं.

हिशेब कसा मांडायचा

आता आकडे घेऊ. हे मी समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या विशिष्ट कंपनीचे नाहीत. दर वरचेवर बदलतात, तेव्हा प्रत्यक्ष निवडताना त्या दिवसाचं दरपत्रक बघावं.

समजा 'अ' कंपनी वर्षाला पुंजीच्या ०.४५ टक्के घेते. 'ब' कंपनी दरमहा १२ पौंड, म्हणजे वर्षाला १४४ पौंड घेते. खात्यात १० हजार पौंड असतील, तर 'अ'चे ४५ पौंड होतात आणि 'ब'चे १४४. 'अ' उघडच स्वस्त. पण खात्यात २ लाख पौंड असतील तर? 'अ'चे ९०० पौंड आणि 'ब'चे तेच १४४. मग दोन्ही सारख्या कधी? १४४ला ०.४५ टक्क्यांनी भागलं, की ३२ हजार येतात. म्हणजे ३२ हजार पौंडांच्या खाली 'अ' बरी, वर 'ब' बरी. कुठल्याही दोन कंपन्यांसाठी ही सीमारेषा एका भागाकारात काढता येते. सातवीतल्या मुलालाही येईल.

पण गोष्ट इथं संपत नाही. आपली सवय काय, हेही त्यात धरायला हवं. भाच्याच्या चार खात्यांची बेरीज ६० हजार पौंडांच्या आसपास होती. समजा 'अ' कंपनी फंडांच्या खरेदीला काही घेत नाही आणि 'ब' कंपनी दर व्यवहाराला ४ पौंड घेते. दरमहा एकदा खरेदी केली, तर 'ब'चे १४४ अधिक ४८, असे १९२ पौंड होतात. 'अ'चे ६० हजारांवर २७०. 'ब' स्वस्त. पण हाच मुलगा दर आठवड्याला हौसेनं काहीतरी घेत-विकत राहिला, वर्षाला ४८ व्यवहार झाले, तर 'ब'चे १४४ अधिक १९२, म्हणजे ३३६. आता 'अ' स्वस्त! कंपन्या त्याच, दर तेच, फक्त माणसाची सवय बदलली.

टक्केवारीनं घेणाऱ्या काही कंपन्या शेअर आणि बाजारात खरेदी होणाऱ्या फंडांवरच्या शुल्काला वार्षिक कमाल मर्यादा घालतात, साध्या फंडांवर मात्र घालत नाहीत. म्हणजे एकाच कंपनीत, जवळपास सारखीच गुंतवणूक वेगळ्या स्वरूपात घेतली, तर शुल्क निम्म्याहून खाली येऊ शकतं. हे बारीक अक्षरातलं वाक्य शोधून वाचावं.

कोणी म्हणेल, पन्नास-शंभर पौंडांसाठी एवढा खटाटोप कशाला? तर आणखी एकच हिशेब. समजा ५० हजार पौंड २५ वर्षं ठेवले आणि शुल्क धरण्यापूर्वी वर्षाला पाच टक्के वाढ झाली. सगळे थर मिळून शुल्क अर्धा टक्का असेल, तर अखेरीस साधारण १ लाख ५० हजार पौंड होतात. शुल्क दीड टक्का असेल, तर साधारण १ लाख १८ हजार. एका टक्क्याच्या फरकानं ३२ हजार पौंड गेले. चक्रवाढ आपल्या बाजूनं चालते तशी शुल्काच्या बाजूनंही चालते, हे आपण विसरतो.

म्हणून वहीत प्रत्येक कंपनीसाठी एक पान करावं. खातं सांभाळण्याचे पैसे, फंडाचे पैसे, वर्षभरातल्या व्यवहारांचे पैसे, रोकडीवरचं व्याज, काढताना आणि हलवताना लागणारे पैसे. आजच्या पुंजीवर एकदा आणि दहा वर्षांनी होईल त्या पुंजीवर एकदा, अशी दोन वेळा बेरीज करावी. तळाशी पौंडातला एकच आकडा आला पाहिजे. टक्क्यात बोलणाऱ्याला पौंडात बोलायला लावलं, की अर्धा गोंधळ मिटतो.

स्वस्त म्हणजे सुरक्षित नव्हे

हिशेब झाला की कंपनी कशी आहे ते बघायचं. ती नियामक संस्थेच्या नोंदवहीत आहे का, हे पहिलं. इंटरनेटवर ती नोंदवही कोणालाही फुकट बघता येते. सिप चालवणारी कंपनी बुडाली, तर नुकसानभरपाई योजनेतून माणशी ८५ हजार पौंडांपर्यंत संरक्षण मिळू शकतं. पण बाजार पडला म्हणून झालेला तोटा कोणीही भरून देत नाही. हा फरक नीट लक्षात ठेवावा.

सिपमधलं स्वातंत्र्य काही जणांना फार महाग पडलं आहे. एका ट्रकचालकानं, परवाना नसलेल्या, स्पेनमधून काम करणाऱ्या एका मध्यस्थाच्या सांगण्यावरून, आपली पेन्शन सिपमध्ये हलवली आणि ब्लॅकबर्न इथल्या मालसाठवणुकीच्या खोल्यांमध्ये गुंतवली. त्या खोल्यांची किंमत कोसळली. प्रकरण न्यायालयात गेलं. खालच्या न्यायालयात तो हरला, पण २०२१ मध्ये अपील न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला : मध्यस्थाला परवाना नव्हता, म्हणून सिप कंपनीबरोबरचा करार त्याच्यावर बंधनकारक नाही. त्याला न्याय मिळाला, पण पैसे गुंतवल्यापासून निकालापर्यंत जवळपास नऊ वर्षं गेली.

पेन्शनबाबत अनोळखी माणसाला आपणहून फोन करायला ब्रिटनमध्ये जानेवारी २०१९ पासून बंदी आहे. तेव्हा असा फोन आला, की दुसरा विचार न करता ठेवून द्यावा. 'पंचावन्नच्या आधी पैसे काढून देतो' म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांब राहावं. नियमबाह्य काढलेल्या रकमेवर ५५ टक्क्यांपर्यंत कर बसू शकतो, आणि तो मध्यस्थाला नाही, आपल्याला भरावा लागतो.

फोन उचलणारा माणूस

आता आमची दुसरी चूक. ती सांगायला मला अजूनही जड जातं.

सिपचा अर्ज भरताना आपल्या पश्चात पैसे कोणाला द्यावेत, हे लिहायचा एक कागद असतो. यजमानांनी तो 'नंतर भरू' म्हणून बाजूला ठेवला. २०१६ मध्ये ते अचानक गेले. वय ५८. पेन्शनचा पैसा साधारणपणे मृत्युपत्रानुसार जात नाही. कोणाला द्यायचा, ते कंपनी ठरवते आणि ठरवताना तो कागद बघते. आमचा कागद कोरा होता. मग लग्नाचा दाखला पाठवा, त्याचं इंग्रजी भाषांतर पाठवा, ते प्रमाणित करून पाठवा, आणखी कोणी अवलंबून होतं का ते लिहून पाठवा. फोन केला की चाळीस-चाळीस मिनिटं संगीत ऐकायचं, आणि दर वेळी नवा माणूस पहिल्यापासून विचारायचा. सात महिने गेले. पैसे मिळाले, पण त्या सात महिन्यांत मला जे शिकायला मिळालं, ते कुठल्या दरपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मी आता सगळ्यांना सांगते, कंपनी निवडण्याआधी तिला एकदा फोन करा. एखादा अवघड प्रश्न विचारा. किती वेळात उचलतात, सरळ उत्तर देतात का, बघा. वर्षाला तीस पौंड जास्त घेणारी, पण आपल्या पश्चात आपल्या बायकोशी नीट बोलणारी कंपनी महाग नसते.

आणि तो कागद त्याच दिवशी भरा. लग्न झालं, मूल झालं, कोणी गेलं, की पुन्हा भरा. ब्रिटिश सरकारनं ६ एप्रिल २०२७ पासून न वापरलेली पेन्शन वारसाकराच्या हिशेबात धरायचं ठरवलं आहे, त्यामुळे हे कागद व्यवस्थित असणं आता अधिकच गरजेचं झालं आहे.

भारतात परतणाऱ्यांसाठी

शेवटी आपल्या लोकांपुरत्या चार गोष्टी.

एक, परत यायचं असेल तर खाती एकत्र करायचं काम तिथं असतानाच उरकावं. पुष्कळ सिप कंपन्या ब्रिटनबाहेर राहणाऱ्याचं नवं खातं उघडत नाहीत. काही जुन्या खात्यांवरही बंधनं घालतात. 'मी भारतात राहायला गेलो तर काय काय बंद होईल?' हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर जपून ठेवावं.

दोन, हलवण्याआधी प्रत्येक जुन्या खात्यात काही खास हमी आहे का, ते विचारावं. काही जुन्या विमा पॉलिसींमध्ये चांगल्या दरानं आयुष्यभर पेन्शन देण्याचं वचन असतं. खातं हलवलं की ते जातं. शिवाय हलवताना गुंतवणूक विकून रोख पाठवली, तर काही आठवडे पैसा बाजाराबाहेर राहतो, हेही ध्यानात असावं. जुन्या मालकाचं खातंच सापडत नसेल, तर ब्रिटिश सरकारची पेन्शन शोधून देणारी सेवा फुकट आहे. त्यासाठी कोणाला पैसे द्यायची गरज नाही.

तीन, ही पुंजी भारतात उचलून आणण्याची घाई करू नये. ब्रिटनच्या करखात्याच्या यादीत असलेल्या परदेशी योजनेतच ती नेता येते, आणि तिथंही कित्येक प्रसंगी २५ टक्के कर लागतो. तिथंच ठेवून योग्य वयात काढता येते. मात्र 'इंग्लंडमध्ये चौथा हिस्सा करमुक्त, म्हणजे भारतातही करमुक्त' असं गृहीत धरू नये. दोन्ही देशांमध्ये १९९३चा करविषयक करार आहे. दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराला एकदा फी देऊन विचारणं परवडतं.

चार, ब्रिटनची सरकारी पेन्शन भारतात राहणाऱ्याला मिळते, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. पहिल्या दिवशी जो आकडा, तोच कायम. महागाई तर थांबत नाही. म्हणून आपली स्वतःची जी पुंजी आहे, तिच्यातला पौंड न् पौंड मोलाचा आहे.

भाच्यानं त्या रात्री चार कंपन्यांची चार पानं केली. सगळ्यात स्वस्त निघाली, तिला त्यानं दुसऱ्या दिवशी रेडिंगच्या घरी असल्यासारखा फोन लावला. अर्धा तास कोणी उचललं नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या कंपनीनं तिसऱ्या मिनिटाला उचललं, आणि भारतात गेल्यावर काय चालेल, काय चालणार नाही, ते मेलवर लिहूनही दिलं. वर्षाला २६ पौंडांचा फरक होता. त्यानं दुसरी निवडली.

इंग्लंडला परतल्यावर त्याचा मला फोन आला. "मामी, झालं सगळं. तीन खाती आली, चौथं या महिन्यात येईल."

मी विचारलं, "आणि तो कागद?"

"पहिल्यांदा तोच भरला," तो म्हणाला. "मामाची आठवण झाली."

तुमच्याही घरात इंग्लंडहून आलेलं एखादं पेन्शनचं पाकीट कपाटात पडलेलं असेल. आज रविवार आहे. ते काढा, एक वही घ्या आणि पहिल्या पानावर एवढंच लिहा : खातं कुठे आहे, त्यात किती आहे, वर्षाला किती कापलं जातं आणि नाव कोणाचं लावलं आहे. यातला एक जरी रकाना रिकामा राहिला, तरी कामाला कुठून सुरुवात करायची, ते तुम्हाला कळेल.